अरणगावचे परदेशी गावकरी

पुण्याहून नगरला येणारा माणूस बहुधा शिर्डीच्या नाही तर शिंगणापूरच्या घाईत असतो. शहराचं सरकारी नाव आता अहिल्यानगर झालं, तरी ही घाई काही बदललेली नाही. मी मात्र उलट्या दिशेला, दौंड रस्त्याला लागलो. नऊएक किलोमीटरवर अरणगाव आहे आणि त्याला लागून अध्यात्मगुरू मेहेरबाबांचं मेहेराबाद.

रिक्षात माझ्या शेजारी बाजार करून निघालेल्या दोन मावशी होत्या आणि समोर पांढऱ्या दाढीचा, खादीचा सदरा घातलेला एक गोरा गृहस्थ. त्याच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. ती पाहून एक मावशी म्हणाली, ‘‘केवढ्याला दिली?’’ त्याने भाव सांगितला. ‘‘लुटलं तुम्हाला!’’ मावशीने निकाल दिला. तो हसून म्हणाला, ‘‘पण कवळी आहे ना?’’ विषय तिथेच मिटला. त्याच्याकडे वळूनवळून पाहणारा रिक्षात मी एकटाच होतो.

नगरला परक्यांचं अप्रूप नसावं, याला इतिहासही तसाच आहे. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला. पुढे ती बुडू लागली, तेव्हा तिला तोलून धरलं ते मलिक अंबर या हबशाने. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशन इथे आलं. 1839 पासून सिंथिया फॅरार नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि 1862 मध्ये इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षक-प्रशिक्षणाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला राहिलेले सॅम्युएल फेअरबँक धर्मप्रसार करता करता पक्षी आणि गोगलगायी गोळा करत. पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं नाव आहे. ही माणसं मात्र शिकवायला आली होती. मेहेराबादला आले ते शिष्य होऊन.

पहिल्या महायुद्धात मेहेराबादच्या माळावर ब्रिटिश लष्कराची छावणी होती. युद्ध संपलं, फौज गेली. मागे राहिली काही बांधकामं, विहीर आणि टेकडीवरची पाण्याची टाकी. 1923 मध्ये पुण्याचे मेरवान शेरियार इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, आपल्या मंडळींसह इथे उतरले. इथेच शाळा निघाली, दवाखाना निघाला. 10 जुलै 1925 ला बाबांनी मौन धरलं, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. बरीच वर्षं ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत, नंतर नुसत्या खुणांनी.

खालच्या मेहेराबादमध्ये धुनी आहे. दर महिन्याच्या 12 तारखेला ती पेटवतात. तिथून रेल्वेचे रूळ ओलांडून टेकडी चढायची. वाट झाडांतून जाते. पण जुने फोटो पाहावेत तर टेकडी उघडीबोडकी. नगर पर्जन्यछायेतलं, वर्षाकाठी पाचसाडेपाचशे मिलिमीटर पाऊस. इथली सावली फुकट मिळालेली नाही. माणसांनी पाणी घालून घालून ती वाढवली आहे.

1937 साली बाबा काही महिने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कान शहरात राहिले होते. त्यानंतर युरोप-अमेरिकेतल्या काही स्त्रिया या टेकडीवर राहायला आल्या. लंडनच्या किटी डेव्ही पियानो शिकवायच्या, मार्गारेट क्रास्क बॅले. अमेरिकेच्या रानो गेली चित्रकार. पत्र्याचं छप्पर, मोजकं पाणी, उन्हाळ्यात भाजणारा वारा आणि दिवस बांधलेला: कधी उठायचं, काय खायचं, कुणी कोणतं काम करायचं, हे सारं बाबांच्या आज्ञेने. देवाच्या शोधात समुद्र ओलांडून आलेल्यांच्या वाट्याला आलं ते घरकाम, शुश्रूषा, हिशेब आणि चार भाषांच्या बायकांशी एका छपराखाली जमवून घेणं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड असणार. बॅलेच्या शिस्तीत वाढलेल्या क्रास्कबाई 1946 मध्ये परतल्या आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये नामवंत नृत्यशिक्षिका झाल्या. किटी डेव्ही 1952 पर्यंत राहिल्या. रानो तर इथल्याच होऊन गेल्या.

हेलन डाम मात्र फार टिकल्या नाहीत. साठीच्या या स्विस चित्रकर्तीने 1938 मध्ये टेकडीवरची, पुढे बाबांची समाधी झालेली खोली आतून रंगवली. खोली लहान आहे. उंबऱ्यावर डोकं टेकवून आत गेलं की भिंतींवरच्या आकृती थेट घुमटापर्यंत चढत जातात. रंग काळाने निवले आहेत, रेषा मात्र ठाम. तब्येत ढासळल्याने बाई मायदेशी परतल्या. 1954 मध्ये झुरिचचा कला पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांची ही भित्तिचित्रं अरणगावच्या टेकडीवर आहेत, हे नगरमध्येही किती जणांना ठाऊक असेल?

बाबा गेल्यावर येणारे थांबले नाहीत. यात्रेकरूंसाठी 1980 मध्ये निवास बांधला गेला आणि काही परदेशी कायमचेच राहिले. कुणी दवाखान्यात, कुणी बागेत, कुणी जुनी पत्रं, कपडे, छायाचित्रं जपणाऱ्या संग्रहात काम करतं. सकाळ-संध्याकाळ सातला समाधीपाशी आरती होते. ‘‘विसा, म्हातारपण, घरच्या आठवणी?’’ मी एका बाईंना विचारलं. ‘‘त्या आहेतच,’’ त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, ‘‘पण उद्या सकाळची पाळी माझी आहे.’’ एवढं बोलून त्या हातातली फुलं निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी शहर ओलांडून पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला गेलो. बाबा अखेरच्या वर्षांत राहिले ते हे घर. इथे 1959 पासून दहा वर्षं राहिलेले ऑस्ट्रेलियन कवी फ्रान्सिस ब्रेबॅझन इंग्रजीत गझला लिहीत. गझलेला नगरच्या मातीत इंग्रजी फुटवा आला, हे एरवी खोटं वाटलं असतं.

बाबा अवतार होते की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मला कुतूहल आहे ते त्यांनी परक्यांना इथलं कसं केलं याचं. समाधीवरच्या त्यांच्या घोषवाक्याचा भावार्थ एवढाच, की सेवेतूनच स्वामित्व येतं. व्यवहारात त्याचा अर्थ मला असा दिसला: पाहुण्याला काम नसतं, म्हणून तो पाहुणाच राहतो. आपली मुलं आज म्युनिक-टोरांटोला जातात आणि वर्षानुवर्षं मराठी मंडळाच्या गणपतीपलीकडे त्यांचं गाव सरकत नाही. तिथल्या शेजाऱ्यांनी त्यांना एखादी पाळी लावून दिली, आणि त्यांनीही ती मागून घेतली, तर तिथलं होणं सोपं होईल.