फलक लावण्याआधी

दिघी, ता. श्रीवर्धन

चि. बाय,

तुम्ही पोरापोरींनी केलेला फलक फोनवर पाहिला. 'रानातलं मारू नका, खाऊ नका.' अक्षर ठसठशीत आहे. शिमग्याला चाकरमानी आले की पारधीच्या गप्पा रंगतात, तेव्हाच तो लावताय हेही बरं. मला मनापासून अभिमान वाटला.

खालची तुरुंगाची ओळ मात्र पुन्हा वाच. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला तीन ते सात वर्षं शिक्षा आहे, हे लोकांना कळायलाच हवं. पण नुसत्या धाकानं माणूस खायचं सोडत नाही, लपून खातो.

बाणकोट खाडीपलीकडच्या वेळासचं बघ. 2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र'चे भाऊ काटदरे आणि मंडळी तिथे गेली ती समुद्रगरुड पाहायला. वाळूत त्यांना कासवाची उकरलेली घरटी दिसली. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, दीड फूट खड्ड्यात शंभरेक अंडी घालते, वाळू थापते आणि परत पाण्यात जाते. मागे वल्ही ओढल्यासारखा माग राहतो. तो ज्याला वाचता येई, तो काठी खुपसून भुसभुशीत जागा हेरी आणि अंडी घरी नेई, नाहीतर विकी. निसर्गमित्रांनी गावालाच राखणीला घेतलं. अंडी कुंपणात पुरली, पन्नासेक दिवसांनी पिल्लं समुद्राकडे धावली. आता आपल्या हरिहरेश्वर-दिवेआगरलाही कासवमित्र आहेत.

म्हणून सांगतो, घोरपडीचं बीळ ज्याला ठाऊक आहे, त्याला पहिल्या बैठकीला बोलवा. मान द्या, दोष देऊ नका. घोरपडीच्या तेलानं कंबरदुखी जाते हा समज घट्ट आहे. त्याला वैद्यकाचा आधार नाही, हे गावातल्या डॉक्टरांच्या तोंडून वदवा.

आणि गाडी घेऊन पार्टीला येणारा व पोटासाठी रानात शिरणारा कातकरी यांना एका ओळीत उभं करू नका. मला ते सहन होणार नाही.

रानडुकराचं अवघड आहे. एका रात्रीत भाताची खाचरं नांगरून टाकतो, मग शेतकरी तुमचं का ऐकेल? पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखातं देतं, पण अर्ज आणि पंचनाम्याच्या खटाटोपाला लोक कंटाळतात. तिथे तुम्ही त्यांच्यासोबत बसा. येताना कोऱ्या अर्जांच्या वीसेक प्रती काढून आण, भरायला मी बसेन.

तुझा,
काका