अर्धी गोळी

मेडिकलच्या काउंटरवर कात्रीचा कचकन आवाज झाला आणि तिचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. शेजारच्या पोराच्या पाठीवर घरोघरी जेवण पोचवणाऱ्यांची चौकोनी बॅग होती आणि एक हात कमरेवर. "अंगदुखीच्या चार द्या," एवढंच तो म्हणाला होता. दुकानदारानं पट्टीतल्या चार गोळ्या कापून पुढे सरकवल्या. औषधाचं नाव उरलेल्या तुकड्यावर राहिलं, मुदतीची तारीखही तिकडेच. पोरानं तिथंच एक गोळी पाण्याविना गिळली.

"जेवलायस का रे?" तिनं विचारलं.

"रात्री जेवणार, काकू," तो म्हणाला आणि गाडी काढून गेलाही.

तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन ती घरी आली, तरी तो आवाज कानातून जाईना. मग लक्षात आलं, ऐकू येतोय तो कात्रीचा नव्हेच. अडकित्त्याचा आहे.

तिची आई गोळी अडकित्त्यानं मोडायची. फलटणच्या अलीकडचं गाव, खुरपणी, वेचणी, विहिरीवरून पाणी, आणि त्यातून कायमची धरलेली कंबर. दवाखान्यातला कंपाउंडर गोळ्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधून द्यायचा. "एक सकाळी, एक संध्याकाळी. जेवण करून घ्या, वहिनी." घरी आल्यावर आई पुडी सोडायची, गोळी पात्यांमध्ये धरायची, कट्. अर्धी आत्ता, अर्धी राहू दे. चार दिवसांची पुडी अशी पुरवून पुरवून वापरायची. गोळीवरच्या गुळगुळीत रंगीत थराच्या खपल्या पाटावर उडायच्या, त्याही आई बोटानं टिपून जिभेवर ठेवायची.

तो थर शोभेसाठी नसतो, हे मुलीला कळायला मोठं व्हावं लागलं. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या पुष्कळ गोळ्यांना तो मुद्दाम देतात. जठरातल्या आम्लात तो टिकतो आणि पुढे लहान आतड्यात विरघळतो. गोळी मोडली, चावली किंवा कुटली की औषध जठरातच मोकळं होतं. आईनं काटकसरीपोटी तेवढाच आडोसा कापून टाकला होता, तोही रोज, न चुकता.

इथे जॉन वेन नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ मध्येच येतो. अडकित्ता हातात धरलेल्या बाईचा आणि त्याचा तसा काही संबंध नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं उलगडत नाही. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमननं 1897 साली ॲस्पिरिन शुद्ध रूपात तयार केलं, 1899 पासून ते बाजारात आलं, आणि पुढची सत्तर वर्षं जगानं ते काम कसं करतं हे न कळताच गिळलं. 1971 साली वेननं लंडनमध्ये दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. त्यासाठी 1982 साली त्याला दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं. सांधा सुजतो, ठणकतो, ताप चढतो, त्यात या द्रव्यांचा मोठा हात असतो. पण जठराच्या आतलं संरक्षक अस्तर राखायलाही हीच द्रव्यं लागतात आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायलाही हीच. गोळी रक्तातून सगळीकडे जाते. गुडघ्यापुरतं थांबायचं तिला ठाऊक नाही.

म्हणून "जेवण करून घ्या" हा सल्ला खरा असला तरी पुरता नाही. पोटात अन्न असलं की जळजळ, मळमळ कमी होते, पण अस्तराचं नुकसान रक्ताच्या वाटेनंही होतं. याच औषधाचं इंजेक्शन कमरेत दिलं तरी जठरात व्रण होऊ शकतो. खरी राखण दुसऱ्या गोष्टींत आहे: भागेल तेवढा कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. आणि ज्यांचं वय पासष्टच्या पुढे आहे, ज्यांना पूर्वी अल्सर झालाय, जे स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. घ्यावीच लागली, तर सोबत आम्ल कमी करणारं औषध लागतं का, तेही त्यांनाच विचारायचं.

आईला हे सांगणारं कुणी नव्हतं आणि सांगितलं असतं तरी तिनं कमी दिवस घेतली असती का, याची मुलीला आजही खात्री वाटत नाही. कारण गोळी आराम मिळावा म्हणून नव्हतीच. आराम करावा लागू नये म्हणून होती. आषाढात माउलींची पालखी लोणंदहून निघायची, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण व्हायचं, तरडगाव, मग फलटण. त्या दिवसांत घरात वारकऱ्यांच्या भाकरी उतरत. परातीवर परात. तेवढ्या दोन-तीन दिवसांत आई गोळी मोडायची नाही, अख्खी घ्यायची. ओसरीवर टेकलेल्या, पाय सुजलेल्या बायांनाही ती आपल्या पुडीतली एकेक काढून द्यायची, पदराआडून, प्रसाद द्यावा तशी.

आळंदी ते पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट. ऊन, घाम, पाणी मिळेल तेव्हा. अशा वेळी शरीरातलं पाणी घटलेलं असतं आणि मूत्रपिंड त्या प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावरच रक्तपुरवठा टिकवून धरत असतं. तेव्हाच गोळी तो आधार काढून घेते. उलट्या-जुलाब चालू असताना, उन्हात दिवसभर राबून अंग सुकलेलं असताना ही गोळी टाळायची ती यासाठी. ऊसतोडीला गेलेल्या बाया फडात पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो, आणि रात्री कंबर दुखते म्हणून गोळी घेतात. हे वाचताना किंवा ऐकताना तिला आईच्या पदराआडचा हात दिसतो, आणि त्या हाताबद्दल तिला माया सोडून दुसरं काही वाटत नाही.

एका वर्षी श्रावणात आईला चक्कर येऊ लागली. परसाकडे काळं होत होतं. "नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्यानं होतंय," असं ती म्हणाली, आणि लोहानं काळं होतं हे खोटं नाही. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं होऊ लागलं की ते जठरातलं रक्त असतं. पोटात दुखतंय का, असं सगळ्यांनी विचारलं. नाही, मुळीच नाही. ही औषधं ज्या जखमा करतात त्या पुष्कळदा दुखतच नाहीत. पहिली खूण रक्तच देतं. एका पहाटे ती उंबऱ्यात कोसळली. जीप करून साताऱ्याला नेलं. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा जठरात व्रण दिसला, रक्त चढवावं लागलं.

आणि मग तो प्रसंग, जो तिच्या मनातून काही केल्या हलत नाही. नर्सनं विचारलं, "कोणती गोळी घेत होत्या?" वडिलांनी खिशातून पुडीचा कागद काढला, मांडीवर पसरला, हातानं सारखा केला. त्यावर साखर कारखान्याच्या सभेची अर्धी बातमी होती. कोपऱ्यात एका माणसाचा अर्धा फोटो. औषधाचं नाव कुठंच नव्हतं. नर्सनं कागद उलटून पाहिला. वडील त्या कागदाकडे असे बघत राहिले, जणू नीट वाचलं तर त्यात नाव सापडेल.

आई वाचली, पुढे पुष्कळ जगली, नातवंडं खेळवली. पण त्या कागदावरचा मुलीचा राग गेला नाही. कंपाउंडरवर तिचा राग नाही. तो त्याच्या परीनं भला माणूस होता. राग त्या निनावीपणावर आहे. माणसाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूला नाव नसावं आणि ते विचारायचीही सोय नसावी, हे तिला अजून सहन होत नाही.

आता तर नावांचा उलटाच घोळ आहे. एकाच औषधाची शेकडो नावं. हाडांच्या डॉक्टरांनी ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिलेली असते, दाढ दुखली म्हणून मुलगा आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची घेऊन येतो. दोन्ही पट्ट्यांची नावं वेगळी, रंग वेगळा, म्हणून आजी दोन्ही घेते. प्रत्यक्षात एकाच जातीची दोन औषधं एकदम पोटात जातात. आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो. म्हणून ती नातेवाइकांच्या घरी गेली की औषधांचा डबा मागते आणि कंपनीच्या मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचते. काहींना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

पॅरासिटामॉल या जातीतलं नाही. ते जठराला आणि मूत्रपिंडाला इतकं छळत नाही. पण मोठ्या माणसानं दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जायचं नसतं, यकृत नाजूक असेल किंवा दारू असेल तर त्याहून खालीच थांबायचं, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे लक्षात ठेवायचं. पावसाळ्यात अंग मोडून ताप आला तर तेवढंच. डेंग्यूमध्ये प्लेटलेट घटतात; त्यात ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर रक्तस्राव ओढवू शकतो. नाइमसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे 2011 पासून बंदी आहे. गरोदर बाईनं, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, यातलं काहीही स्वतःहून घ्यायचं नाही.

तिच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन आहे आणि लघवी वाढवणारं एक औषध आहे. या दोहोंच्या जोडीला वेदनाशामक गोळी आली की मूत्रपिंडावर तीन बाजूंनी दाब येतो, शिवाय रक्तदाब चढतो तो वेगळाच. म्हणून गुडघ्याला ती जेल चोळते. त्यातला फार थोडा अंश रक्तात जातो. हृदयासाठी रोज लहान ॲस्पिरिन घेणाऱ्या तिच्या दिराला तिनं आयब्युप्रोफेन सोडायला लावलं, कारण ते ॲस्पिरिनच्या कामात आड येतं. जठराला त्रास देणार नाही अशी गोळी निघाली, म्हणून मध्यंतरी रोफेकॉक्सिबचा फार बोलबाला झाला होता. 30 सप्टेंबर 2004 रोजी मर्क कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढत असल्याचं दिसलं होतं.

त्याच वर्षी एक वेगळी बातमीही आली होती, आणि ती वाचल्यापासून आईचा विचार करताना तिला गिधाडं आठवतात.

लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. पुढे पुढे ढोरं तशीच पडून राहू लागली, आजोबा म्हणायचे, पाखरू गेलं कुठं? भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश हेच मोजत होते. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात भारतात हजारांतलं जेमतेम एक उरली. कारण सापडलं पाकिस्तानात, 2004 साली लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांना: डायक्लोफेनॅक. दुखणाऱ्या गुराला टोचलेलं इंजेक्शन, ते जनावर मेल्यावर त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात. गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडत आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचे. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. शेवटी 2015 साली सरकारनं माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एकेरी बाटलीतच विकायचा नियम केला. 2023 साली गुरांसाठी ॲसेक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनही बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडाला मानवतं, ते देता येतं.

ताडोबात आणि पेंचमध्ये 2024 साली पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं सोडण्यासाठी आणली. अशी पाखरं सोडायची तर आसपासच्या गुरांना काय टोचलं जातं हे आधी माहीत असावं लागतं. त्यासाठी देशात कित्येक ठिकाणी माणसं साधं गिऱ्हाईक बनून मेडिकलमध्ये गेली आणि गाईला दुखतंय, काय देता, असं विचारत फिरली. हे वाचून तिनं गावाकडे फोन लावला.

"आपल्या गुरांना दुखलं तर कोणतं इंजेक्शन देतात?"

"डॉक्टर देतील ते," चुलतभाऊ म्हणाला.

"नाव विचार. मेलॉक्सिकॅमच द्या म्हणून सांग."

"विचारतो, आक्का." तो थोडा थांबला. "बरं, हिची टाच लई दुखतीय. गोळ्या चालू आहेत."

"कोणत्या? पट्टी आण आणि वाच."

"अर्धीच हाय पट्टी."

"असेल तेवढं वाच. आणि तिलाच फोन दे. कधीपासून घेतेय, बीपीची गोळी आहे का, परसाकडे काळं होतंय का, मला तिच्याकडूनच ऐकायचंय."