भिंती त्याच, धंदा नवा

खताची मात्रा नि किडीवरचे औषध विचारायला तुम्ही माझ्याकडे येता. अलीकडे बांधावर आणखी एक प्रश्न निघतो, "साहेब, फाट्यावरचा गाळा रिकामा आहे, खानावळीला द्यावा का?" हा शेतीखात्याचा विषय नव्हे. पण त्यात घरची शिल्लक गुंतते, म्हणून चार गोष्टी सांगतो.

नवी मुंबईत बेलापूरजवळ दिवाळे हे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे करायचे ठरले. ज्यांची शेते गेली, त्यांतल्या कित्येक घरांना आज तळमजल्यावरच्या गाळ्याचे भाडे हेच पीक आहे.

त्या भागातल्या माझ्या ओळखीच्या एका घराने कापडदुकानाचा गाळा खानावळीसाठी फिरवला. भट्टी, मोरी, धुराडे यांत कर्जाचा पैसा घातला. मग नोटीस आली. घरच्या आजी म्हणाल्या, "एक वीट हलवली नाही, मग परवानगी कशाची?"

आजींचा सवाल रास्त वाटतो. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यात 'विकास' म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरातला महत्त्वाचा बदलही त्यात धरला आहे. त्याला कारणही आहे. कापडदुकानात चूल पेटत नाही. खानावळीत गॅसच्या टाक्या येतात, खरकटे पाणी वाहते, दारात गाड्या लागतात, आणि वरच्या मजल्यावर लेकरे झोपलेली असतात. पाणी साचणाऱ्या खाचरात आपण भात घेतो, तूर घेत नाही; तसेच हे आहे.

म्हणून इसार घेण्याआधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र काढून त्यात गाळ्याचा वापर काय लिहिला आहे ते पाहा. भूखंड सिडकोने दिलेला असेल तर करारनामाही वाचा. नवा धंदा त्या जागी चालतो का, हे महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारा. खेड्यात असाल तर कोणत्या कार्यालयात जायचे, ते ग्रामपंचायतीत कळेल. दुकानाची नोंदणी किंवा अन्नपदार्थांचा परवाना हाती असला, तरी ती वापरबदलाची परवानगी नव्हे.

अर्ज लेखी द्या आणि पोच जपून ठेवा. ६० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. मात्र काम सर्व नियमांत बसणारे असले तरच. नकार आला तर ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

भाडेकरू घाई करील, जास्त अनामतही देऊ करील. पण नोटीस मालकाच्या दारी येते, आणि कर्जाचा हप्ताही त्याच्याच नावावर असतो. बी घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचता ना? गाळा देताना नकाशाही तसाच वाचा.