सादा आणि मी

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील कथा म्हटली की घोडेस्वार, बंदुका आणि धुळीचे लोट नजरेसमोर उभे राहतात. विला कॅथर यांची ‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’ ही १९२७ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मी हाती घेतली, ती मात्र निराळ्या अपेक्षेने. तिचे नायक एक बिशप आहेत, एवढेच मला ठाऊक होते. त्या वर्षी यजमान अंथरुणाला खिळले होते आणि माझी प्रार्थना कोरडी पडली होती. धीर देणारे काहीतरी मला वाचायचे होते.

कॅथर स्वतः कॅथलिक नव्हत्या. तरीही १८५१ साली सांता फे येथे पोहोचलेले फ्रेंच बिशप झाँ-बातिस्त लामी आणि त्यांचे सहकारी जोसेफ माशबफ यांच्या जीवनावरून त्यांनी बिशप लाटूर व फादर वायाँ ही पात्रे उभी केली. न्यू मेक्सिकोचा प्रदेश १८४८ च्या तहाने नुकताच मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला होता. वाळवंटातील खेचरांवरचा प्रवास, धर्मगुरूची वाट पाहणारी दूरची खेडी, मातीच्या विटांची चर्चे हे सारे लेखिका अगदी शांत स्वरात सांगतात.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. तावोसचे पाद्री मार्तिनेझ येथे जवळजवळ खलपुरुष होऊन येतात. प्रत्यक्षात त्यांनी आपल्या लोकांसाठी शाळा व छापखाना चालवला होता.

परंतु मला अस्वस्थ केले ते एका छोट्या प्रसंगाने. डिसेंबरातील एका रात्री बिशपांना झोप येत नाही. आपले सारे कार्य निष्फळ ठरले, असे त्यांना वाटते. ते उठून चर्चकडे जातात, तो दाराशी एक वृद्ध मेक्सिकन स्त्री कुडकुडत बसलेली. ती सादा, एका प्रॉटेस्टंट अमेरिकन कुटुंबाची बटकी. मालकांनी तिला चर्चची बंदी केलेली. एकोणीस वर्षांत तिला वेदीचे दर्शन घडलेले नव्हते. बिशप आपला झगा तिच्या खांद्यांवर घालतात. पवित्र मरियेसमोर दोघे प्रार्थना करतात. निरोप देताना ते मरियेचे छोटे रुपेरी पदक तिच्या हाती ठेवतात. सादा पुन्हा त्याच घरी परतते. परंतु तिच्या श्रद्धेच्या सहवासात बिशपांचे कोरडे मन ओलावलेले असते.

मी डोळे पुसले. बिशपांच्या ठायी मला माझेच मन दिसले होते. इतक्यात स्वयंपाकघरात भांडी वाजली.

आमच्याकडे तलासरीकडची एक कॅथलिक मुलगी कामाला राहत असे. “बाई, रविवारी मिस्सेला जाऊ का?” असे तिने तीनदा विचारले होते. साहेबांची औषधे, सकाळची पेज, घरातले पाणी यांची नावे सांगत तिन्ही वेळा मी म्हटले होते, “पुढच्या रविवारी बघू.” मी स्वतः मात्र एकही रविवार चुकवला नव्हता. सादाच्या गोष्टीत माझी जागा कोणती, हे मला तेव्हा उमगले.

पुढच्या रविवारी ती सातच्या मिस्सेला गेली. पेज मी केली. ती थोडी करपली, यजमानांनी निमूटपणे खाल्ली. त्या मुलीची क्षमा मागण्याचे धैर्य मात्र मला आणखी महिन्याने झाले.