दोन भिंतींच्या आड

स्फोट झाला की सगळ्यात आधी काच जाते. बॉम्ब पडतो तिथली भिंत कोसळतेच. पण तिथून शेकडो मीटर लांब, जिथल्या भिंतीला साधा ओरखडाही उठत नाही, तिथल्या खिडक्यासुद्धा एका क्षणात घरात येऊन पडतात. हवेचा दाब काचेला आत ढकलतो आणि लगेच मागे खेचतो. ज्या तावदानातून सकाळचं कोवळं ऊन फरशीवर यायचं, त्याचेच तुकडे उशीत, गादीत, भिंतीच्या गिलाव्यात रुतून बसतात. अशा हल्ल्यांत घरात बसल्याजागी घायाळ झालेल्या कितीतरी माणसांना स्वतःच्याच खिडकीने जखमा केलेल्या असतात.

म्हणून युक्रेनमधल्या माणसांनी दोन भिंतींचा नियम पाठ केला. बाहेरचं आकाश आणि आपण यांच्यामध्ये निदान दोन भिंती हव्यात. पहिली मारा झेलते, दुसरी ठिकऱ्या अडवते. तळघरात जायला वेळ नसेल तर घरातली बिनखिडकीची जागा गाठायची. आतला बोळ, न्हाणीघर, अडगळीची खोली. तिथे गादी ओढून न्यायची, मुलांना मधे घ्यायचं आणि भुईशी अंग टेकून राहायचं. नियम साधा आहे आणि त्याने जीव वाचले आहेत. पण तो वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. घराला खिडकी ठेवताना माणसाने बाहेरच्या जगावर केवढा विश्वास टाकलेला असतो! ऊन येऊ दे, वारा येऊ दे, समोरच्या घरातला दिवा दिसू दे. त्याच खिडकीकडे पाठ करून झोपायला एक अख्खं शहर शिकतं, तेव्हा त्या विश्वासाचं काय होतं?

ते शहर म्हणजे खार्किव. युक्रेनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं, युद्धापूर्वी १४ लाखांवर वस्तीचं, विद्यापीठांचं आणि कारखान्यांचं. रशियाची सरहद्द तिथून सुमारे ३० किलोमीटर. पलीकडच्या बेल्गोरोदच्या बाजूने सुटलेलं क्षेपणास्त्र मिनिटभरात येऊन पोहोचतं. आधी स्फोट आणि मग भोंगा, असं तिथे कितीदा तरी झालं आहे. शहराच्या ईशान्येला साल्तिव्का नावाची अफाट वस्ती आहे. सोव्हिएत काळात तयार भिंती जोडून उभारलेल्या नऊ मजली, सोळा मजली इमारतींच्या रांगाच रांगा. दिसायला एकसारख्या, पण प्रत्येक गॅलरीत कुणी काचा लावून कुंड्या मांडलेल्या, कुणी लोणच्याच्या बरण्या, कुणी मुलाची सायकल. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आक्रमण सुरू झालं तेव्हा उत्तर साल्तिव्का मोर्च्याच्या तोंडावर आली आणि महिनोन्महिने भाजून निघाली. काही इमारतींची दर्शनी भिंतच गळून पडली. त्यांच्या छायाचित्रांत नवव्या मजल्यावरची न्हाणी, सातव्यावरची फुलाफुलांची वॉलपेपर लावलेली खोली, भिंतीवर तसंच राहिलेलं स्वयंपाकघरातलं कपाट सगळ्या जगाला दिसत होतं. अशी छायाचित्रं पाहताना मला दर वेळी नजर खाली घ्यावीशी वाटते. कुणालाही न विचारता आपण त्यांच्या झोपायच्या खोलीत आलो आहोत, असं होतं.

बोरिस रोमान्चेंको यांचं घर याच शहरात होतं. ते ९६ वर्षांचे होते. सोळा वर्षांचे असताना नाझींनी त्यांना वेठबिगारीसाठी जर्मनीला नेलं, खाणीत राबवलं. तिथून पळायचा प्रयत्न फसला आणि त्यांची रवानगी बुखेनवाल्डला झाली. पुढे पेनेम्युंदे, मिटेलबाउ-डोरा, बेर्गेन-बेल्झेन. या चारही छळछावण्यांतून ते जिवंत बाहेर आले. म्हातारपणी बुखेनवाल्डच्या मैदानावर उभं राहून, शांततेचं आणि स्वातंत्र्याचं जग उभारण्याची तिथल्या बंदिवानांची शपथ त्यांनी पुन्हा वाचली. १८ मार्च २०२२ रोजी त्यांच्या इमारतीवर मारा झाला आणि ते आपल्याच घरात मरण पावले. घर जळून खाक झालं. ज्यांना छावण्या मारू शकल्या नाहीत त्यांना घराच्या चार भिंतींत मरण यावं, हे मला अजून सहन होत नाही. इतकं भोगलेल्या माणसाने जगाकडे आणखी काय मागितलं असेल? एक पलंग, एक टेबल आणि रात्रीची शांत झोप.

आपल्याकडून वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली कितीतरी मुलं आक्रमण झालं तेव्हा खार्किवमध्ये होती, मराठी मुलंही होती. आमच्या ओळखीतला एक मुलगा त्यांतला. वसतिगृहाच्या तळघरात, मग मेट्रोच्या फलाटावर त्याने दिवस काढले. १ मार्चला शहराच्या मुख्य चौकातल्या प्रशासकीय इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. दुसऱ्या दिवशी भारतीय दूतावासाने सांगितलं, मिळेल त्या मार्गाने, वेळ पडली तर पायी, संध्याकाळी सहाच्या आत खार्किव सोडा. तोही शहराबाहेरच्या पिसोचिनच्या रस्त्याने चालत निघाला. परतल्यावर त्याला भेटायला गेले तेव्हा त्याची आई म्हणाली, "अहो, आल्या दिवशी याने पलंग खिडकीपासून ओढून भिंतीला लावला. मी म्हटलं, अरे, इकडे वारा लागत नाही." मुलगा म्हणाला, "काकू, कळतं हो मला, हे आपलं घर आहे. पण झोप लागत नाही खिडकीशी." आम्ही दोघींनी विषय बदलला. जखम नसलेल्या त्या धडधाकट मुलाने सोबत काय आणलं होतं, ते आम्हाला कळलं होतं.

तो परत येऊ शकला. खार्किवची कितीतरी माणसं तिथेच राहिली. फुटलेल्या काचांच्या जागी त्यांनी प्लायवूड ठोकलं. रस्तेच्या रस्ते लाकडी डोळ्यांचे झाले. फळ्या थंडी अडवतात, पण उजेडही अडवतात. भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि मार्च २०२४ मध्ये शहराला वीज पुरवणारी केंद्रंही हल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. सुरुवातीला मेट्रोची स्थानकं हाच अनेकांचा निवारा होता. तिथे तंबू लागले, मुलं जन्मापासूनची ओळख असल्यासारखी एकमेकांशी खेळू लागली, मार्च २०२२ मध्ये वादकांनी तिथेच शास्त्रीय संगीताची मैफल केली. मग २०२३ च्या सप्टेंबरपासून त्याच स्थानकांत शाळेचे वर्ग भरू लागले आणि २०२४ च्या मे महिन्यात खास जमिनीखाली बांधलेली शाळा सुरू झाली. रंगवलेल्या भिंती, नवे बाक, स्वच्छ हवा, सगळं आहे. त्या शहराच्या माणसांपुढे हात जोडावेत असंच हे काम आहे. पण शिकवता शिकवता बाईंचं लक्ष नाही असं पाहून बाहेरच्या झाडाकडे बघत बसायचं, हे मुलाच्या वाट्याचं सुख त्या वर्गात नाही.

वर आकाशात मात्र हत्यारं बदलत राहिली. जुन्या सोव्हिएत बॉम्बना पंख आणि दिशादर्शक यंत्रणा जोडली गेली. रशियाचं विमान आपल्याच हद्दीत राहून असा बॉम्ब सोडतं आणि तो कितीतरी किलोमीटर तरंगत शहरावर येतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी असाच एक बॉम्ब बारा मजली इमारतीवर पडला. त्या दिवशीच्या माऱ्यात मैदानात असलेली चौदा वर्षांची एक मुलगी गेली. सुट्टीचे शेवटचे दिवस होते.

युद्धालाही कायदा असतो. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात लिहिलं आहे की एखादं घर लष्करी कामासाठी वापरात आहे की नाही अशी शंका असेल, तर ते तसं नाही असंच धरावं. संशयाचा फायदा घराला द्यावा. रशिया आणि युक्रेन दोघेही त्या पूरक कराराला बांधील आहेत. मला हे कलम मानवजातीने लिहिलेल्या सगळ्यात शहाण्या वाक्यांपैकी एक वाटतं. घरात निजलेल्या माणसाने आपली निरपराधता सिद्ध करत बसायची नाही. तो निजला आहे, एवढं पुरे.

आपण बातमी वाचतो, "निवासी इमारतीवर हल्ला, जीवितहानी नाही", आणि सुटकेचा श्वास टाकून पान उलटतो. मरण टळलं याचा आनंद खराच आहे. पण त्या रात्री ज्या हजारो घरांत गाद्या बोळात ओढल्या गेल्या, त्यांची हानी कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि ती यायला हवी. उद्या कुणी करारावर सही करेल, हस्तांदोलनाची छायाचित्रं येतील. खार्किवपुरतं सांगायचं तर मी त्या सहीवर विसंबणार नाही. गाद्या बोळातून पुन्हा खिडकीच्या खोलीत गेल्या का, एवढंच मी विचारीन. आणि त्या जात नाहीत तोवर युद्ध संपलं असं म्हणणार नाही.