टॅपेट नाही, भो!

या वीकेंडला यावलला घरी होतो. दुपारी वडिलांची बाइक काढली आणि पालच्या घाटाला लागलो. ऊन रणरणतं, चढ खडा आणि आम्ही टॉप गिअरमध्ये! इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. गिअर पाडला, आवाज बंद.

परत आल्यावर गॅरेजवाल्या काकांनी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. "टॅपेट नाही भो. चढावरच येतो ना? नॉकिंग आहे."

हे वाक्य मला २०१८ मध्ये कोणीतरी ऐकवायला हवं होतं.

तेव्हा पुण्यात आमची कॉलेजची रेसकार बनत होती. केटीएमचं ३७३ सीसी इंजिन, ट्यूनिंग माझ्याकडे. स्पार्क जरा आधी टाकला की ताकद वाढते, म्हणून मी एकेक डिग्री पुढे सरकत होतो. पण फार आधी टाकला, की ज्योत पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक पेटतं. त्या दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये घुमतात. हाच तो ठोका. ८९ मिमी बोअरला तो साधारण साडेसहा किलोहर्ट्झला वाजतो. नॉक सेन्सरमधला स्फटिक नेमकी तीच थरथर पकडतो. जास्त आरपीएमला गोंगाटात नुसत्या कानाला काही कळत नाही.

आमच्याकडे सेन्सर नव्हता. इंजिनाला चपटी केलेली तांब्याची नळी बोल्ट केली, तिला रबरी पाइप आणि कानावर इअरमफ. थोडक्यात, काकांचा स्क्रूड्रायव्हरच!

टायमिंग बसवलं पहाटेच्या थंडीत. दुपारी हवा तापली आणि कानात टकटक सुरू झाली. मित्र म्हणाला, "थांबूया का?" मी म्हटलं, "टॅपेट असेल रे." स्क्रीनवरचा टॉर्कचा आकडा सुंदर दिसत होता ना...

चौथ्या रनला पिस्टनचा रिंगजवळचा काठ तुटला. सगळ्यांची वर्गणी त्या इंजिनात होती. मित्र काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

जानेवारी २०१९ मध्ये कोइमतूरच्या करी स्पीडवेवर गेलो ते उसन्या इंजिनावर. टायमिंग दोन डिग्री मागे, मिश्रण थोडं रिच, इनटेकला गार हवा. आणि नियम एकच : ट्यूनिंग दुपारच्या उन्हात करायचं. गाडी हळू होती, पण शेवटपर्यंत धावली.

आवाज मला तेव्हाही आला होता. मला तो टॅपेटचाच हवा होता, इतकंच.

असो. रात्री त्या मित्राला फोन केला. "तेव्हा नॉकिंगच होतं रे."

"माहितीये," तो म्हणाला. "यावलला ऊन काय म्हणतंय?"