उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

बैल औताला नसला म्हणून त्याची वैरण कोणी बंद करत नाही. दावणीला उभ्या असलेल्या जनावरालाही पोट असते, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण वेगळे धरून चालतो. गाडी पडवीत लावली, किल्ली काढली, की तिचा खर्च थांबला असे वाटते. पेट्रोलचा खर्च थांबतो हे खरे. बॅटरीचा खर्च मात्र थोडाथोडा चालूच राहतो, आणि तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे गाडी अडेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

हा आजार शहरापेक्षा आपल्या खेड्यातल्या गाड्यांना जास्त जडतो. शहरातली गाडी रोज कामावर जाते, त्यामुळे तिची बॅटरीही रोज भरत राहते. आपल्याकडे आता पुष्कळ घरांतून जुनी-नवी चारचाकी आली आहे. पण ती निघते कधी, तर बाजाराच्या दिवशी, लग्नकार्याला, नाही तर दवाखान्याला. सुगीच्या दिवसांत किंवा पावसाची झड लागली म्हणजे दहा-बारा दिवस तिला कोणी हात लावत नाही. आणि दवाखान्याची वेळ आली की तीच गाडी एका किल्लीत चालू व्हावी, अशी आपली अपेक्षा असते.

आमच्या घरी हेच झाले. श्रावणातली रात्र होती, पाऊस चालू होता. सासूबाईंना दम्याचा जुना त्रास आहे, पण त्या रात्री धाप इतकी लागली की त्यांना बोलताही येईना. रुग्णवाहिका बोलावली तरी तालुक्याहून यायला वेळ हा लागणारच, म्हणून ह्यांनी आमचीच गाडी काढायचे ठरवले. किल्ली फिरवली तर नुसते कट् कट् वाजले आणि समोरचे दिवे मंद होऊन विझले. गाडी अकरा दिवस उभी होती. भाऊजींनी आणि शेजारच्या चार पोरांनी चिखलातून धक्का मारून पाहिला, तरी इंजिन बोलेना. शेवटी वरच्या आळीतला ट्रॅक्टर आणला, त्याच्या बॅटरीला केबल लावल्या, तेव्हा कुठे गाडी चालू झाली. यात पाऊण तास गेला. दवाखान्यात वाफ दिली, औषध दिले, आणि दोन दिवसांनी सासूबाई घरी आल्या. पण तो पाऊण तास आमच्यापैकी कोणी विसरलेला नाही.

बॅटरी जुनी असती तर समजले असते. ती होती अवघी चार महिन्यांची, आणि दीड वर्षातली ती दुसरी. पहिली बसली तेव्हा दुकानदाराने ती बाद ठरवून नवी दिली होती. आता तिसरी घ्यायची की काय, अशा विचारात आम्ही असताना बाजारच्या गावातले एक वयस्क मेस्त्री घरी आले. त्यांनी बॅटरीला बोलच लावला नाही. मला म्हणाले, "ताई, गाडी उभी असताना किती खाते, ते कुणी मोजलंय का?" कोणीच मोजले नव्हते.

मेस्त्रींनी निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडवली आणि ती वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला. आकडा आला ११० मिलिअँपिअर. दिसायला तो काहीच नाही. पण हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. ११० मिलिअँपिअर म्हणजे चोवीस तासांत सुमारे २.६ अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत निम्मी बॅटरी उभ्या-उभ्या जात होती, आणि बाजाराला जाऊन येण्याच्या तेवढ्या फेरीत ती पुरी भरत नव्हती. अकरा दिवसांत तर ३५ पैकी २९ अँपिअर-तास गेले होते. तिने गाडी ओढावी कशी?

मग चोर शोधायला सुरुवात झाली. मेस्त्री एकेक फ्यूज काढत आणि मी मीटरवरचा आकडा वाचत होते. ज्या फ्यूजने आकडा एकदम खाली येईल, त्या वायरीवर चोर, अशी ती रीत. आमच्याकडे सगळे फ्यूज काढून झाले तरी बरेचसे खाणे चालूच राहिले. तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फ्यूजच्या अलीकडेच कुणीतरी तोंड घातलंय." बॅटरीवरून निघालेली एक बारीक लाल वायर त्यांनी हाताने चाचपत नेली, ती सीटखाली निघाली. आम्ही गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने गाण्याचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर तेथे बसवून घेतला होता आणि बसवणाऱ्याने त्याची वायर थेट बॅटरीला जोडून दिली होती. गाणी बंद असली तरी तो डबा रात्रंदिवस जागाच होता. वायर सोडवताच आकडा ३० मिलिअँपिअरवर आला. या हिशेबाने अकरा दिवसांत बॅटरीचा चौथा हिस्साही जात नाही.

हे ३० मिलिअँपिअर कशाला लागतात, असे कोणी विचारील. आजच्या गाडीत घड्याळ, कुलपाची व्यवस्था, चोराची घंटा आणि इंजिनाचा छोटा संगणक यांना थोडी वीज सतत लागते. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असला तर चिंता नाही. त्याच्या वर असला तर कोठेतरी गळती आहे असे समजावे.

बॅटरी एकदा उतरली तर परत भरता येते, मग एवढे बिघडले कोठे, हाही प्रश्न रास्त आहे. ही शिशाची बॅटरी फ्रान्समधल्या गॅस्तों प्लान्ते यांनी १८५९ साली तयार केली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला, आणि हँडल मारण्याचे काम हळूहळू बॅटरीकडे आले. तेव्हापासून आतापर्यंत तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी तिचा स्वभाव तोच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात आणि प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या आम्लाच्या पाण्यात बुडालेल्या असतात. वीज खर्च होते तेव्हा आम्लातला गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो. लगेच चार्ज केली तर तो सुटून परत पाण्यात येतो. बॅटरी तशीच उतरलेली पडून राहिली, तर त्याचे कठीण खडे बनतात आणि मग ते सुटत नाहीत. तेवढी पट्टी कायमची निकामी होते. आमची पहिली बॅटरी याच रीतीने गेली. ती वर्षभर अर्धपोटी राहिली होती.

म्हणून घरी एक मल्टीमीटर असावा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि वापरायला थर्मामीटरहून फार अवघड नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चालू करण्याआधी, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्ट मोजावे. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे बारा आणे, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ म्हणजे जेमतेम चार आणे. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो चढलाच नाही तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर तपासून घ्यावा. अल्टरनेटरमधला डायोड बिघडला तर तो उभ्या गाडीत बॅटरी उलट खातो, हेही ध्यानात ठेवावे.

उभ्या गाडीचे खाणे मोजताना चार गोष्टी पाळाव्यात. मीटर अँपिअरच्या मोठ्या, १० अँपिअरच्या खुणेवर ठेवावा आणि त्याची लाल वायर मीटरच्या त्याच भोकात घालावी. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारू नये, मोठे दिवे लावू नयेत. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडतो. दारे बंद ठेवावीत, नाही तर आतला दिवा लागून आकडा खोटा येतो. आणि नव्या गाडीत अर्धा तास थांबून मगच आकडा घ्यावा, कारण तिचा संगणक लगेच झोपत नाही. जुन्या जीपला किंवा ट्रॅक्टरला मीटरही लागत नाही. दिव्याचा १२ व्होल्टचा लहान बल्ब निगेटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये धरावा. सगळे बंद असताना बल्ब पेटला तर गळती आहेच.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. डिकीतला किंवा कप्प्यातला दिवा झाकण लागल्यावरही चालू राहतो. नुसता ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर ३५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते. मागून बसवलेले भोंगे, गाण्याची यंत्रे, गाडीचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रे, यांच्या वायरी तपासाव्यात. आपल्याकडे उंदरांचाही उपद्रव मोठा. धान्याच्या कोठीशेजारी उभ्या गाडीत ते वायरी कुरतडतात. बॅटरीच्या माथ्यावर धूळ आणि आम्लाचा ओलावा साचला तर त्यातूनही वीज झिरपते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, घरांची बुचे घट्ट असल्याची खात्री करून, माथा व टर्मिनल पुसून काढावेत आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, असा जुना समज आहे. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या डब्याची वीज जमिनीत जात नाही, तेव्हा त्यासाठी पाट शोधायची गरज उरलेली नाही.

गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल, तर बॅटरी भरून घेऊन निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी. सोडताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम चुकवू नये. उलट केले आणि पाना गाडीच्या लोखंडाला टेकला तर मोठी ठिणगी पडते. नुसती जागेवर दहा मिनिटे गाडी फुरफुरत ठेवण्याने बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा रस्त्यावर अर्धा-पाऊण तास फिरवून आणावी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा देशभर गाड्या आठवडेच्या आठवडे जागीच राहिल्या आणि कितीतरी बॅटऱ्या उतरल्या. त्या गाड्यांत काही बिघडलेले नव्हते; त्यांना फक्त कोणी हलवले नव्हते. वायर सोडली तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतेच, आणि उन्हाळ्यात लवकर उतरते. म्हणून तिचा आकडा महिन्यातून एकदा पाहावा. पार उतरलेली बॅटरी चार्जिंगला दिली तर सावकाश भरायला सांगावे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास, हे प्रमाण बरे.

अडचणीच्या वेळी दुसऱ्या गाडीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी लावायची झाली तर तीही १२ व्होल्टचीच हवी. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, ते आपल्या गाडीला लावू नयेत. आधी लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचे शेवटचे टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, त्यामुळे ठिणगी तिच्याजवळ पडता कामा नये. विडी-काडीही लांब ठेवावी. धक्क्यावर मात्र आता भरवसा ठेवू नये. जुनी डिझेल जीप उतारावर सोडली की चालू होई. आजच्या गाडीचा इंधनपंप आणि संगणक यांनाच बॅटरी लागते. ती पार उतरली असेल तर सहा माणसांनी ढकलूनही उपयोग होत नाही.

आमची तीच बॅटरी मेस्त्रींनी सावकाश चार्ज करून परत बसवली. तिसरी घ्यावी लागली नाही. ह्यांनी पडवीच्या भिंतीवर खडूने तारीख आणि व्होल्टचा आकडा लिहायला सुरुवात केली, आणि आता ते काम माझ्याकडे आले आहे. दर रविवारी पाच मिनिटे लागतात. १२.४ च्या खाली आकडा दिसला की भाऊजी गाडी तालुक्यापर्यंत फिरवून आणतात.

ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे, लेक बाळंतपणाला आली आहे किंवा कोणाला जुना आजार आहे, त्यांनी पावसाळ्याच्या तोंडी एवढी तपासणी जरूर करावी. नवी बॅटरी विकत घेण्याआधी गाडी उभ्याने किती खाते, ते मेस्त्रींकडून मोजून मागावे. त्याला अर्धा तास लागतो, आणि तो दिवसाउजेडी घालवलेला बरा.